दंगल, मारहाण, जमाव : गावाला खबर देण्याची तयारी

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी, जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. मागे होती मोबाइलवर फिरणारी मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा. खरी खबर उशिरा निघाली की लोक हाती येईल ते खरे धरतात, म्हणून पुढची कामे शांततेच्या दिवसांतच उरकून ठेवा.

आधी बोलणारा माणूस ठरवा, आणि तो बाहेरगावी असेल तर त्याच्या जागी कोण, तेही. सरपंच एक आकडा सांगतात, पोलीस पाटील दुसरा, मग लोक दोघांवरही विश्वास ठेवत नाहीत. ११२ आणि १०८ सोबत पोलीस ठाणे, तहसील आणि ग्रामीण रुग्णालयाचे थेट नंबर कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या दाराआड चिकटवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पहिला मजकूर आजच लिहा. देवनागरी एसएमएस एका भागात ७० अक्षरचिन्हांचाच बसतो आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'बाजारपेठेत मारहाण. तिकडे जाऊ नका. घरात थांबा. पुढची माहिती ४ वाजता.' हा ६७ चिन्हांत बसतो. काय झाले, कुठे, काय करायचे, पुन्हा कधी बोलणार, एवढेच त्यात हवे. कोणी केले, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे अजिबात नको. चार वाजता नवे काही नसले तरी 'नवीन माहिती नाही, पुढची पाच वाजता' असे सांगायचेच. ती वेळ चुकली की लोक बाजाराकडे निघतात.

खानदेशातल्या गावांत हाच मजकूर अहिराणीतही तयार हवा ('तठे जाऊ नका, घरमाच थांबा'). नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांसाठी पावरी आणि भिली बोलणाऱ्यांकडूनच तो करून घ्या. शहरातल्या माणसाने केलेले भाषांतर हुकमासारखे वाटते. जिथे रेंज नाही तिथे दवंडी, देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, आशाताई. हातातल्या कर्ण्याचे सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिले तर गळतात, स्प्रिंग गंजते आणि ऐन वेळी नुसती खरखर येते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फक्त ॲडमिन' हे सेटिंग कुठे आहे ते प्रत्येक ॲडमिनने एकदा करून बघावे. अफवेचा फोटो 'खोटे' असा शिक्का मारूनही पुढे पाठवू नका, कारण लोक शिक्का विसरतात, चित्र लक्षात ठेवतात. खरे काय तेवढेच लिहा. नेट बंद झाले तरी साधा फोन आणि एसएमएस सहसा चालू असतात, म्हणून शंभर घरांचे नंबर वहीत हवेत.

सगळ्यात नाजूक काम नातेवाइकांचे. त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या ओट्यापासून आणि कॅमेऱ्यांपासून दूर एक खोली ठरवा: शाळेचा वर्ग चालेल, पाणी आणि पंखा हवा. वहीत विचारणाऱ्याचे नाव, नाते, फोन. शोधतात त्याचे वय, कपडे, गोंदण, पायातली चप्पल. मृत्यूची बातमी डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगायची, आणि नाव जाहीर करायचे ते त्यानंतरच. आकडा देताना 'रुग्णालयाने सायंकाळी ६ वाजता कळवल्याप्रमाणे' असे वेळेसकट द्या, म्हणजे तो पुढे बदलला तरी लपवाछपवीचा संशय येत नाही.

पाल ठोकून राहिलेली भटकी कुटुंबे गावात आली की पोलीस पाटलांनी त्याच दिवशी भोंग्यावरून सांगावे : ही मंडळी आपल्याकडे मुक्कामाला आहेत, काही शंका असेल तर आधी मला विचारा.