स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला टोन कसा द्यायचा: घरच्या घरी, एका छोट्या वायरीत

स्ट्रॅट टाइपची गिटार, म्हणजे तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, एकेरी गुंडाळीचे चुंबक), एक व्हॉल्यूम आणि दोन टोन, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, पिकअप निवडायचा स्विच ब्रिजवर, म्हणजे तारा अडकवलेल्या टोकाजवळच्या पिकअपवर, टाकला की आवाज कानात टोचतो. मग कोणी नवीन पिकअपच्या किमती पाहून राहिलं, कोणी गिटारच विकायची म्हणून राहिलं. थोडं थांबा. फेंडरनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हाच तिची वायरिंग अशी होती की एक टोन नेक, म्हणजे गिटारीच्या मानेजवळच्या, पिकअपचा, दुसरा मधल्या पिकअपचा, आणि ब्रिजला टोन नाहीच. म्हणजे जो पिकअप सगळ्यात तिखट, त्यालाच लगाम नाही. पुढं काही मॉडेलमध्ये हे बदललं, पण स्वस्तातल्या कितीतरी गिटारी अजून त्याच जुन्या पद्धतीनं जोडलेल्या येतात, आणि त्यावरचा इलाज आहे एक इंचभर वायर.

आधी खात्री करून घ्या. गिटार अ‍ॅम्पला लावा, स्विच ब्रिजवर ठेवा, दोन्ही टोन एकेक करून शून्यापर्यंत फिरवा. आवाजात काहीच फरक पडला नाही तर हे काम तुमच्यासाठीच आहे. फरक पडला तर तुमच्या गिटारीत ही सोय आधीच आहे, तुम्ही फक्त खालचा कपॅसिटरचा भाग वाचा. फिरवताना खरखर येत असेल तर तो वायरिंगचा दोष नाही, धूळ आहे, आपल्या नागपुरात एप्रिल-मे मध्ये ती कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणा, पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या, फटीत एक फवारा मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बऱ्याचदा पॉट बदलायचं कामच पडत नाही.

टोन कंट्रोल काय करते ते एकदा समजून घेतलं की वायरी पाहून भीती वाटत नाही. पिकअपचा सिग्नल व्हॉल्यूमकडं जातो, पण वाटेत त्याला एक फाटा फोडलेला असते, टोनच्या पॉटमधून कपॅसिटरकडं आणि तिथून ग्राउंडला, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वायरीला. कपॅसिटर चाळणीचं काम करते, बारीक आवाज, म्हणजे ट्रेबल, त्यातून खाली ग्राउंडला निघून जातो आणि जाड आवाज वरच राहतो. पॉट दहावर असला की मधी अडीच लाख ओहमचा अडथळा असते म्हणून फारसं काही गळत नाही, शून्यावर नेलं की अडथळा संपला, ट्रेबल गेला. ब्रिज पिकअपला हा फाटाच नाही, आपल्याला तेवढाच जोडून द्यायचा आहे.

सामान सगळं बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मिळून जाते, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टच्या दुकानात. सोल्डरिंग आयर्न, २५ वॅटचं घरी असेल तर पिनांच्या कामाला पुरते, पण पॉटच्या पाठीवर सोल्डर करायचं असेल तर ४० ते ६० वॅटचं बरं, कारण पॉटचं धातूचं कव्हर सगळी उष्णता पिऊन घेते. सोल्डर वायर ६०/४० ची घ्या, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, ती पटकन वितळते. फ्लक्स राळेचा घ्या, नळ-पत्र्याच्या कामाचा अ‍ॅसिडवाला अजिबात नको, तो नंतर तांबं खाते. थोडी बारीक वायर, एक साधा मल्टिमीटर ज्याला बीप आहे, चिमटा, पॉलिश पेपरचा तुकडा, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर. आणि पॉलिस्टरचा कपॅसिटर, ज्यावर २२३ लिहिलेलं असते. २२३ म्हणजे २२ पुढं तीन शून्य, २२००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.०२२ मायक्रोफॅरड. ४७३ म्हणजे ०.०४७ आणि १०४ म्हणजे ०.१.

कपॅसिटरच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, व्हॅल्यू महत्त्वाची, किंमत नाही. ऑनलाइन हजार-हजार रुपयांचे जुन्या पद्धतीचे कपॅसिटर विकले जातात, पण गिटारीतला सिग्नल इतका कमजोर असते की काही रुपयांचा पॉलिस्टरही तेच काम तितकंच चांगलं करते. फरक व्हॅल्यूनं पडते. १९५० च्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये ०.१ असायचा, तो शून्यावर नेला की आवाज पार गोधडीत गुंडाळल्यासारखा होते, ०.०४७ मध्यम, आणि ०.०२२ मध्ये मधला आवाज शिल्लक राहते, नुसती धार जाते. ब्रिजसाठी म्हणूनच मी ०.०२२ सांगतो.

पॉट चांगले असतील तर हात लावू नका. बदलायचेच असतील तर सिंगल कॉइलला २५० के, लॉग टाइप, पॉटवर ए२५०के लिहिलेलं असते. बाजारात २२० के मिळाला तरी चालते, पॉटच्या व्हॅल्यूत तसाही वीस टक्के इकडं-तिकडं फरक असते. बी लिहिलेला म्हणजे लिनिअर, त्यात टोन बराच वेळ काही करत नाही आणि शेवटच्या दोन-तीन आकड्यांत एकदम घसरते. घेताना जुना पॉट दुकानात सोबत न्या, कारण मोठ्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागते, स्वस्त गिटारींची भोकं त्याहून लहान असतात, आणि दांड्यावरचे दातेही वेगळे असल्यानं जुना नॉब बसत नाही.

आता गिटार उघडू. तारा ढिल्या करून काढा, ट्रेमोलो, म्हणजे स्प्रिंगवर हलणारा ब्रिज, असेल तर ब्रिजखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा म्हणजे स्प्रिंगनं तो मागं ओढला जात नाही. पिकगार्डचे, म्हणजे पिकअप आणि नॉब बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, स्क्रू, बहुतेक गिटारींत ११ असतात, काढून वाटीत ठेवा. पिकगार्ड सावकाश उचला, झटका नको, कारण दोन वायरी जॅककडं जातात आणि एक मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडं. आता सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो काढा, वरून, दोन्ही बाजूंनी, स्विचचा अगदी जवळून. वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनी आपापले रंग वापरते.

स्विचकडं पाहा. उघडा स्विच असेल तर दोन बाजूंना चार-चार पिना दिसतील, डबीवाला असेल तर आठही पिना एका रांगेत. एका अर्ध्या भागावर तीन पिकअपच्या वायरी येतात, दुसरा अर्धा भाग टोनचा. दोन्ही भागांचे कॉमन (स्विच कुठंही असला तरी जोडलेली राहणारी चौथी पिन) एका छोट्या वायरीनं जोडलेले असतात. टोनच्या भागात दोन पिनांवरून वायरी टोन पॉटकडं गेलेल्या दिसतील आणि एक पिन रिकामी असेल, तीच आपली. तरी मीटर लावून पक्कं करा, स्विच ब्रिजवर टाका, मीटर बीपवर, एक सळई त्या रिकाम्या पिनेला आणि दुसरी टोनच्या भागातल्या कॉमनला, बीप वाजली पाहिजे. स्विच नेकवर टाकला की बीप बंद.

आता त्या रिकाम्या पिनेपासून, मधल्या पिकअपच्या टोनची वायर ज्या पिनेवर आहे तिथपर्यंत, इंचभर वायर जोडा. झालं, दुसरा टोन आता मधला आणि ब्रिज दोघांचा. हाच जोड चुकून पिकअपच्या बाजूला दिला तर मधला आणि ब्रिज पिकअप कायमचे एकमेकांना चिकटतील, म्हणून बाजू दोनदा पाहा.

सोल्डर करताना पंखा बंद ठेवा, उन्हाळ्यात जिवावर येते पण वाऱ्यानं टोक थंड होते आणि जोड कच्चा राहते, त्यामुळं हे काम सकाळी लवकर केलेलं बरं. खिडकी मात्र उघडी ठेवा, धूर नाकात जायला नको. गिटारीच्या बॉडीवर जुना पेपर अंथरा, वितळलेला थेंब पॉलिशवर पडला की डाग जात नाही. वायरीच्या टोकाला आधी सोल्डर पाजून घ्या, पिनेलाही, मग आयर्नचं टोक दोघांना एकदम टेकवा आणि सोल्डर आयर्नला नाही तर पिनेला लावा, ती गरम झाली की सोल्डर आपोआप वाहत जाते. दोन-तीन सेकंद बस. गार होईपर्यंत वायर हलू देऊ नका. चांगला जोड चकचकीत आणि पिनेला बिलगलेला दिसते, कच्चा जोड राखाडी, दाणेदार, गोळ्यासारखा वर बसलेला. काम झाल्यावर हात साबणानं धुवा, शिसं आहे.

कपॅसिटर बदलायचा असेल तर बहुतेक स्ट्रॅटमध्ये दोन्ही टोनला मिळून एकच असते, एक पाय टोन पॉटच्या पिनेवर, दुसरा पॉटच्या पाठीवर ग्राउंडला. आयर्न लावून चिमट्यानं जुना काढा, तिथंच नवा बसवा, पॉलिस्टरला उलटं-सुलटं नसते. पाठीवर नवीन जागी जोड द्यायचा तर ती जागा पॉलिश पेपरनं घासून चमकवा, नाहीतर सोल्डर धरतच नाही. नेकला जरा जाड आणि ब्रिजला हलका टोन हवा असेल तर दोन्ही पॉटमधली जोडवायर काढून प्रत्येकाला आपापला कपॅसिटर द्या, नेकला ४७३, दुसऱ्याला २२३. मला हीच रचना सगळ्यात कामाची वाटते.

बंद करायच्या आधी तपासा. जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम फुल, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिप आणि बाहेरच्या भागात मीटर लावा. सिंगल पिकअपवर साधारण ५ ते ७ किलो-ओहम दिसते, दोन पिकअप सोबत असलेल्या जागी त्याच्या निम्मं. शून्य आलं तर कुठंतरी शॉर्ट, अडीच लाखाच्या आसपास आलं तर पिकअपची वायर सुटली. एकट्या ब्रिजवरच निम्मं दिसलं तर जोड चुकीच्या बाजूला गेला. मग अ‍ॅम्प लावून कमी आवाजात पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच टकटक करा आणि टोन फिरवा, टकटक बोदी, म्हणजे बोथट, होत गेली पाहिजे.

गुणगुण ऐकताना कूलर बंद करून ऐका. सिंगल कॉइल पिकअप कूलरच्या मोटरची गुणगुण सरळ ओढते, त्यात तुमच्या सोल्डरिंगचा दोष नाही. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ग्राउंड बरोबर आहे. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिटार बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग आणि अ‍ॅम्प दोन्ही तपासून घ्या, गिटारीच्या आत घरची वीज येतच नाही, ती अ‍ॅम्पकडून येऊन राहिली आहे आणि तो प्रकार जिवावरचा आहे.

पिकगार्ड बसवताना स्क्रू हातानंच घट्ट करा, तारा चढवा. आणि मग अ‍ॅम्पची सेटिंग नव्यानं करा, हे बरेच जण विसरतात. इतके दिवस ब्रिज टोचायचा म्हणून अ‍ॅम्पचा ट्रेबल खाली ठेवलेला असते आणि त्यापायी नेक पिकअप दबून जाते. आता स्विच नेकवर ठेवून अ‍ॅम्प नेकला छान वाटेल असा लावा, मग ब्रिजवर या आणि दुसरा टोन सहा-सातच्या आसपास आणा.