आठ जणांची साप्ताहिक गोल्फ लीग: मॅच प्ले नीट कसा चालवावा

मॅच प्लेमध्ये हिशेब होलचा असतो, एकूण फटक्यांचा नाही. एखाद्या होलवर नऊ फटके लागले तरी जातो एकच होल, आणि पुढच्या टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) दोघेही पुन्हा सारख्या पायरीवर उभे असतात. दर रविवारी खेळणाऱ्या, कुणी चांगला तर कुणी नवशिका अशा मित्रमंडळींसाठी आमच्या मते याहून चांगला प्रकार नाही. पण अशा लीग बंदही लवकर पडतात आणि कारणं जवळपास ठरलेली असतात: कुणाला कुठल्या होलवर फटका (कमी तरबेज खेळाडूला मिळणारी सूट) मिळतो याचा घोळ, पुट (ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावरून, चेंडू आत घालायचा फटका) न मारताच गेल्याचं मानून ‘दिला’ की नाही यावरून रुसवे, आणि न झालेल्या सामन्यांचा ढीग. या तिन्हींची उत्तरं पहिल्या सामन्याच्या आधी लिहून ग्रुपवर टाकली की निम्मं काम झालं.

माणसं आणि वेळापत्रक

आठ खेळाडू हा सर्वांत सोयीचा आकडा. प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळतो, म्हणजे सात आठवडे. दर आठवड्याला चार सामने, प्रत्येक गटात दोन सामने, म्हणजे दोनच टी टाइम (गटाला खेळ सुरू करायला मिळणाऱ्या वेळा) लागतात. चेंबूर असो, येरवडा असो की खारघर, सुट्टीच्या सकाळी लागोपाठचे दोन टी टाइम मिळवणं हेच मुळात कठीण असतं. त्यामुळे बारा-सोळा जणांच्या लीगची स्वप्नं पहिल्या हंगामात पाहू नका.

जोड्या लावायची सोपी रीत अशी: वरच्या ओळीत १, २, ३, ४ लिहा, खालच्या ओळीत त्यांच्याखाली ८, ७, ६, ५. वरचा आणि खालचा हे प्रतिस्पर्धी. पुढच्या आठवड्यात १ जागेवरच ठेवायचा आणि बाकीचे सगळे घड्याळाच्या दिशेने एक घर पुढे सरकवायचे. दुसऱ्या आठवड्याच्या जोड्या होतात १–७, ८–६, २–५, ३–४. तिसऱ्यात १–६, ७–५, ८–४, २–३. सात वेळा सरकवलं की सगळे परत मूळ जागी येतात आणि एकही जोडी दुबार येत नाही. सातच जण असतील तर आठव्या क्रमांकाला ‘सुट्टी’ लिहा. ज्याच्यासमोर सुट्टी येईल तो त्या आठवड्यात मोकळा.

सामना नऊ होलचा ठेवा. अठरा होलला साडेचार तास जातात, घरून परवानगी मिळत नाही आणि तिसऱ्या आठवड्यापासून गळती लागते. नऊ होल चौघांच्या गटात सव्वादोन तासांत होतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा हिवाळ्यात त्याआधीची वेळ मागू नका.

हॅन्डिकॅपचे फटके: इथे सर्वाधिक चुका होतात

२०२० पासून जगभर एकच हॅन्डिकॅप पद्धत लागू झाली. तिच्यात खेळाडूचा इंडेक्स (त्याची खेळाची पातळी सांगणारा आकडा) आणि त्या दिवशीच्या कोर्सवर मिळणारे फटके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या टीवर ‘माझा अठरा, तुझा नऊ, मग नऊ दे’ असा व्यवहार होतो, तो चुकीचा.

नऊ होलसाठी हिशेब असा करायचा. इंडेक्सचा निम्मा घ्या आणि एका दशांशापर्यंत ठेवा. त्याला त्या नऊ होलच्या, त्या टीच्या स्लोपने (कोर्सच्या अवघडपणाचा आकडा, कार्डावर असतो) गुणा, ११३ ने भागा. मग कोर्स रेटिंगमधून (तरबेज खेळाडूला लागतील असे फटके) पार (होलसाठी ठरलेल्या फटक्यांची बेरीज) वजा करून जे उरेल ते त्यात मिळवा. उत्तर पूर्णांकात आणा.

समजा, क चा इंडेक्स ९.४ आणि ख चा १८.६ आहे. नऊ होलचा स्लोप १२६, रेटिंग ३५.२, पार ३६. क चा निम्मा ४.७, गुणाकार-भागाकार करून ५.२४, त्यातून ०.८ गेले, ४.४४ उरले, म्हणजे ४. ख चा निम्मा ९.३, त्याचे होतात १०.३७, ०.८ गेले, ९.५७ उरले, म्हणजे १०. दोघांतला फरक ६. एकास एक सामन्यात हा फरक पूर्ण द्यायचा असतो, त्यात कपात नाही. क शून्यावर खेळतो आणि ख ला सहा होलवर एकेक फटका मिळतो.

आता ते सहा होल कुठले? स्कोअरकार्डवर प्रत्येक होलसमोर स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे फटके द्यायचा क्रम, असतो, १ ते १८. बहुतेक कोर्सवर पहिल्या नऊ होलना विषम आकडे आणि मागच्या नऊंना सम आकडे दिलेले असतात. पहिल्या नऊवर खेळताना ‘सहा फटके, म्हणजे इंडेक्स १ ते ६ वर’ असं धरलं तर ख ला फक्त १, ३ आणि ५ या तीन होलवर फटके मिळतात आणि त्याचे तीन फटके हवेत विरतात. बरोबर पद्धत अशी की खेळायच्या नऊ होलचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि पहिले सहा निवडायचे: १, ३, ५, ७, ९, ११. फरक नऊहून जास्त असेल, समजा अकरा, तर प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत कठीण दोन होलवर दोन.

हे काम टीवर उभं राहून करू नका. संयोजकाने आदल्या रात्री चारही सामन्यांचे फटके काढून, होल क्रमांकांसकट ग्रुपवर टाकावेत. खेळाडूंनी सुरुवातीलाच कार्डावर त्या होलसमोर ठळक ठिपका काढावा. याला कारण आहे. फटका लावायला विसरलात आणि दोघांनीही होलचा निकाल मान्य करून पुढच्या टीवरून कुणी चेंडू मारला, की तो निकाल कायम होतो. नंतर ‘अरे, तिथे मला फटका होता’ म्हणून काही उपयोग नसतो.

दोघे वेगवेगळ्या टीवरून खेळणार असतील तर हिशेब आपापल्या टीच्या स्लोप-रेटिंगने करा. इंडेक्स दर आठवड्याला ताजा घ्या. हंगामाच्या सुरुवातीचा इंडेक्स शेवटपर्यंत ओढत नेला, तर झपाट्याने सुधारणारा खेळाडू सगळ्यांना हरवत सुटतो आणि बाकीच्यांचा उत्साह मावळतो.

गुण

जिंकल्यास २, बरोबरीला १, हरल्यास ०. बरोबरी सुटावी म्हणून जादा होल खेळू नका. मागचा गट खोळंबतो. काही लीगमध्ये प्रत्येक होलला एक गुण असतो. त्यात हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत काहीतरी मिळवायचं उरतं हे खरं, पण एका आठवड्याच्या मोठ्या फरकाने अख्खा तक्ता हलतो, म्हणून आम्ही साधी पद्धतच सुचवू. समान गुण झाले तर आधी त्या दोघांतला आपसातला सामना पाहा, मग हंगामभरातला होलचा एकूण फरक.

निकाल लिहिण्याची रीत सगळ्यांना सांगा. ‘तीन अँड दोन’ म्हणजे दोन होल उरलेले असताना तीनची आघाडी. सामना तिथेच संपला. २००६ साली ला कोस्टा इथे टायगर वुड्सने स्टीफन एम्सला ‘नाइन अँड एट’ हरवलं होतं, तेही अठरा होलच्या सामन्यात, म्हणजे दहाव्या होललाच खेळ आटोपला. आघाडी आणि उरलेले होल सारखे झाले की त्याला डॉर्मी म्हणतात: आघाडीवर असलेला आता हरू शकत नाही. आणि प्रत्येक ग्रीन सोडताना स्थिती मोठ्याने बोला, ‘ख एक अप, चार बाकी’, म्हणजे ख एका होलने पुढे (मागे असेल तर ‘डाऊन’). दोघांच्या डोक्यात वेगवेगळा हिशेब चालू राहणं हे सातव्या होलवरच्या वादाचं नेहमीचं मूळ आहे.

पुट देणं

मॅच प्लेचं सौंदर्य आणि डोकेदुखी दोन्ही इथेच आहे. समोरचा पुढच्या फटक्यात चेंडू आत घालणारच असं वाटलं, तर तो पुट ‘दिला’ म्हणता येतं. तो फटका मोजला जातो आणि चेंडू उचलायचा. एकदा दिलेला पुट परत घेता येत नाही आणि समोरच्याला तो नाकारताही येत नाही. तुम्ही संपूर्ण होलही देऊ शकता, सामनाही देऊ शकता.

यात तीन पथ्यं पाळा.

पहिलं, शब्द ठरवून टाका. ‘दिला’ किंवा ‘उचल’, एवढंच. ‘छान आहे’, ‘जवळच आहे’, ‘हं’ असले उद्गार पुट दिल्याचे धरले जातात आणि घोटाळा होतो. समोरच्याच्या बोलण्याचा गैरसमज होणं स्वाभाविक असेल तर नियम दंड करत नाहीत, चेंडू जागेवर परत ठेवायचा असतो. पण कुणी काहीच बोललेलं नसताना उचललात तर दंड आहेच. २०१५ च्या सॉलहाइम कपमध्ये (महिलांची अमेरिका-युरोप सांघिक स्पर्धा) जर्मनीत, सतराव्या होलवर, अॅलिसन लीने हातभर अंतरावरचा चेंडू पुट दिला आहे असं समजून उचलला. सुझान पेटरसनने तो दिलेला नव्हता. होल गेला, आणि वाद जगभर गाजला.

दुसरं, पुट द्यायचा अधिकार फक्त प्रतिस्पर्ध्याचा. स्वतःचा पुट स्वतः ‘घ्यायचा’ नाही. कॅडीलाही हा अधिकार नाही. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाबरोबर कॅडी असतो आणि अनुभवी कॅडी सवयीने ‘हो गया साब’ म्हणत चेंडू उचलायला वाकतो. सुरुवातीलाच दोन्ही कॅडींना सांगून ठेवा की आज मॅच आहे, विचारल्याशिवाय चेंडूला हात नाही. दिशा दाखवणं, क्लब सुचवणं, ग्रीनचा उतार सांगणं हे कॅडीने आपल्या खेळाडूसाठी खुशाल करावं.

तिसरं, ‘ग्रिपच्या आतले (क्लबच्या मुठीच्या लांबीहून जवळचे) सगळे पुट दिलेले’ असा सरसकट करार करू नका. सपाट जागेवरचा दोन फुटी पुट आणि उतारावरचा दोन फुटी पुट सारखे नसतात. प्रत्येक वेळी बघून ठरवा. पहिल्या चार होलवर सढळ हाताने देऊन आठव्यावर अचानक हात आखडला तर ते नियमात बसतं, पण मैत्रीत खुपतं. सुरुवातीपासून एकसारखी मोजपट्टी लावा. १९६९ च्या रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध ब्रिटन) रॉयल बर्कडेलला शेवटच्या होलवर जॅक निकलसने टोनी जॅकलिनला छोटा पुट दिला आणि अख्खी स्पर्धा १६–१६ अशी बरोबरीत सुटली. त्यावेळी त्याच्याच संघातले काहीजण नाराज झाले होते. आमच्या मते तो गोल्फमधल्या सर्वांत देखण्या क्षणांपैकी एक आहे.

स्ट्रोक प्लेपेक्षा वेगळे पडणारे नियम

स्ट्रोक प्लेमध्ये एकूण फटके मोजतात. सर्वसाधारण दंड इथे तसा दोन फटक्यांचा नसून होल जाण्याचा आहे. चुकीचा चेंडू मारला, होल गेला. चेंडूवर पेनने स्वतःची खूण करण्याचा आळस करू नका. एकाच ब्रँडचे, एकाच क्रमांकाचे चेंडू चौघांच्या गटात हमखास निघतात.

पाळी मोडून आधी मारलं तर दंड नाही, पण प्रतिस्पर्धी लगेच तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. तुमचा अप्रतिम दुसरा फटका अशा रीतीने रद्द होऊ शकतो. वेळ वाचवायला पाळी सोडायची असेल तर ‘मी मारू?’ असं विचारून मारा.

ग्रीनवरून मारलेला चेंडू समोरच्याच्या थांबलेल्या चेंडूला लागला तर मॅच प्लेमध्ये दंड नाही. त्याचा चेंडू जागेवर ठेवायचा, तुमचा जिथे थांबला तिथून खेळायचा.

किती फटके झाले हे समोरच्याने विचारलं तर खरं सांगणं बंधनकारक आहे. चुकून कमी सांगितलेत आणि त्याने पुढचा फटका मारण्याआधी दुरुस्त केलं नाहीत, तर होल गमावता. तो आपला डाव तुमच्या आकड्यावर बेतत असतो, म्हणून हा कडकपणा.

शंका आली तर दोन चेंडू खेळून नंतर विचारू, हा स्ट्रोक प्लेचा मार्ग इथे बंद आहे. हक्क सांगायचा तो तिथेच, पुढच्या टीवरून कुणी मारायच्या आत. मग फोटो काढा, खेळ पुढे चालू ठेवा आणि निर्णय संयोजकाकडून घ्या. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीकडे तुम्ही एकट्याने काणाडोळा करू शकता. दोघांनी मिळून ‘हा नियम आज सोडून देऊ’ असं ठरवलं तर मात्र दोघेही बाद.

हरवलेला चेंडू तीन मिनिटं शोधा, त्याहून जास्त नाही. समोरच्याचा चेंडू ग्रीनजवळ आणि तुमचा झाडीत असेल तर होल देऊन मोकळे व्हा. लीग वेळेत संपण्याचं खरं रहस्य वेळेवर दिलेले होल हेच आहे.

पावसाळा, गैरहजेरी आणि उरलेले सामने

जून ते सप्टेंबरमध्ये फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) चेंडूला चिखल चिकटतो. चेंडू उचलून, पुसून ठेवायची सवलत द्यायची की नाही, आणि द्यायची तर किती अंतरात, हे संयोजकाने त्या सकाळी सगळ्यांसाठी एकच ठरवावं. एका गटाने सवलत घेतली आणि दुसऱ्याने नाही, असं होता कामा नये. वीज कडाडली की लगेच थांबा. सामना त्या स्थितीत नोंदवून तिथूनच पुढे खेळता येतो.

न येणाऱ्याने दोन दिवस आधी कळवावं. मग तीन पर्याय: पुढच्या शनिवारपर्यंत दोघांच्या सोयीने सामना उरकणं, राखीव खेळाडूने स्वतःच्या हॅन्डिकॅपवर खेळणं, किंवा बाय (आलेल्याला न खेळता विजय). बायला २ गुण द्या, पण होलचा फरक शून्य धरा, नाहीतर गैरहजर माणूसच विजेता ठरवतो. एका खेळाडूचे जास्तीत जास्त दोन सामने पुढे ढकलू द्या. ही मर्यादा नसेल तर सातव्या आठवड्यात कुणाचे चार, कुणाचे पाच सामने झालेले असतात आणि तक्त्याला अर्थ राहत नाही.

उशिराबद्दलही आधीच बोला. नियमानुसार पाच मिनिटांपर्यंतच्या उशिराला पहिला होल जातो, त्यापुढे खेळाडू बाद होतो. मैत्रीच्या लीगमध्ये बाद करण्याऐवजी तिसऱ्या होलपासून, दोन डाऊन धरून, खेळू देणं शहाणपणाचं. पण हेही नियमावलीत लिहिलेलं हवं, टीवर ठरवलेलं नको.

निकाल जिंकणाऱ्याने कळवायचा, त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत, हरणाऱ्याने खाली होकार द्यायचा. कार्डाचा फोटो सोबत. संयोजकाने संध्याकाळी तक्ता टाकावा आणि त्याच संदेशात पुढच्या रविवारच्या जोड्या आणि टी टाइमही.