मी तर कधी थ्रेड लिहिलाच नव्हता

पहिल्या इंटरव्ह्यूत "मल्टिथ्रेडिंग येतं का?" असं विचारलं, तेव्हा थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये इतरांबरोबर एकाच वेळी चालणारी कामाची वेगळी साखळी, बनवायचे दोन्ही मार्ग मी धडाधड म्हणून दाखवले. नोकरी लागली आणि पुढची दीड वर्षं एकही थ्रेड लिहायची वेळ आली नाही. काम कर्जाच्या हप्त्यांचं होतं, जावा आणि तिच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये. कंट्रोलर, सर्व्हिस, डेटाबेस, संपलं. थ्रेडशी आपला काय संबंध, असंच वाटायचं.

एका महिनाअखेरीला तक्रार आली, की काही हप्त्यांच्या तारखा चुकताहेत. सगळ्या नाही, हजारांत एखाद-दुसरी. लॉगमध्ये अधूनमधून नंबरफॉरमॅटएक्सेप्शन (आकडा वाचता आला नाही, अशी तक्रार), तेही साध्यासुध्या तारखेवर. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठणठणीत. असणारच, बटण दाबणारा मी एकटाच होतो!

तीन दिवस डेटाबेसला शिव्या घालून झाल्यावर सीनियरने एक ओळ दाखवली. तारखांच्या युटिलिटी क्लासमध्ये स्टॅटिक फायनल सिंपलडेटफॉरमॅट, म्हणजे तारखा वाचणारा-लिहिणारा जावाचा ऑब्जेक्ट, सगळ्यांत मिळून एकच. ओळ माझीच. फायनल लिहिलंय म्हणजे बदलणार नाही, अशी माझी समजूत. पण फायनलमुळे व्हेरिएबल त्या ऑब्जेक्टला बांधलं जातं, इतकंच. ऑब्जेक्टच्या पोटात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिंपलडेटफॉरमॅटच्या पोटात एक कॅलेंडर असतं, आणि पार्स करताना, म्हणजे मजकुरातून तारीख वाचताना, दर वेळी तेच पुसून पुन्हा भरलं जातं. एका थ्रेडने अर्धं भरलं, तेवढ्यात दुसऱ्याने पुसलं. एकाच पाटीवर दोन पोरांनी बेरीज मांडावी तसं.

थ्रेड मी लिहिले नव्हते, आमचं ॲप चालवणाऱ्या टॉमकॅट या वेब सर्व्हरने बनवले होते. आलेली रिक्वेस्ट तो आपल्या पूलमधल्या एखाद्या थ्रेडकडे देतो, आणि सेटिंग बदललं नाही तर हा पूल 200 थ्रेडपर्यंत वाढतो. त्यात स्प्रिंगचं सर्व्हिस बीन, म्हणजे स्प्रिंगने बनवलेला सर्व्हिसचा ऑब्जेक्ट, सगळ्यांत मिळून एकच. तेव्हा सिंक्रोनाइझ्डची (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं जावाचं लॉक) व्याख्या पाठ करण्याआधी आपल्या क्लासमधले फील्ड शोधायला लागा. सर्व्हिसमध्ये 'चालू ग्राहक' असा फील्ड ठेवलात, तर एकाची माहिती कधीतरी दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसणार.

आमचा उपाय फार सोपा निघाला. जावा 8 पासून डेटटाइमफॉरमॅटर आहे, तो एकदा बनला की बदलत नाही. बदलतच नाही तर भांडण कशाचं?

बदलणारी गोष्ट वाटून घ्यावीच लागली, की खरी कसरत. काउंट प्लसप्लस दिसतं एक, पण वाचणं, वाढवणं, लिहिणं अशी ती तीन कामं असतात. व्हेरिएबलला व्होलाटाइल लावल्याने ताजी किंमत दिसते, तिन्हींचं एक काम होत नाही. तिथे तिन्ही कामं एका दमात करणारा ॲटॉमिकलाँग घ्या. अनेक थ्रेडसाठीच बनवलेला कॉन्करंटहॅशमॅप वापरूनही मी फसलोय. आधी की आहे का पाहिली, मग पुट केलं, आणि या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड शिरला. त्यासाठी पाहणं आणि टाकणं एकत्र करणारं कम्प्युटइफअ‍ॅब्सेंट आहे. आणखी एक, नवीन मुलं हमखास करतात: सेटरला सिंक्रोनाइझ्ड, गेटर उघडा. नुसतं वाचायचंय ना, म्हणून. पण वाचणाऱ्यानेही तेच लॉक घेतलं नाही, तर लिहिलेलं त्याला दिसेलच याची जावा हमी देत नाही.

असा बग हाताने क्लिक करून सापडत नाही. वीस थ्रेडचा एक्झिक्युटर (थ्रेडना कामं वाटणारा) घ्या, काउंटडाउनलॅचने सगळ्यांना एकदम सोडा आणि एकच तारीख दहा-दहा हजार वेळा पार्स करायला लावा. आमचा तीन दिवसांचा बग त्यात काही सेकंदांत हाती लागला.

पुढे पावती क्रमांकाचं काम आलं. आता मी शहाणा झालो होतो. सिंक्रोनाइझ्ड लावलं, वीस थ्रेडची चाचणीही पास. लाइव्ह गेल्यावर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या! सर्व्हर दोन होते, आणि माझं लॉक आपापल्या जेव्हीएमपुरतं, म्हणजे त्या-त्या सर्व्हरवर जावा चालवणाऱ्या प्रोसेसपुरतं. आता क्रमांक डेटाबेसच्या सीक्वेन्समधून (क्रमाने आकडे देणारी सोय) येतो. व्यवहार मध्येच रद्द झाला की एखादा क्रमांक गळतो, आणि तो कुठे गेला हे ऑडिटवाल्यांना मलाच समजावून सांगावं लागतं.