होस्टपर्यंत, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनपर्यंत, पोहोचता येतंय का? वेब ॲप्लिकेशनमधून तपासताना या चुका टाळा

पिंगला उत्तर आलं नाही, म्हणजे सर्व्हर बंद, असं ठरवून मोकळं होणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारं छोटं पॅकेट, चालतं आयसीएमपीवर, नेटवर्कच्या निरोपांसाठीच्या प्रोटोकॉलवर. तुमचं ॲप्लिकेशन त्या होस्टशी बोलणार असतं टीसीपीवर, म्हणजे कनेक्शन जोडून डेटा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर, ४४३ (एचटीटीपीएस) नाहीतर ५४३२ (पोस्टग्रेस डेटाबेस) पोर्टवर. फायरवॉलवर आयसीएमपी सर्रास अडवलेलं असतं. मग साइट मजेत चालू आणि तुमच्या डॅशबोर्डवर लाल दिवा. उलटंही होतं. मशीन पिंगला इमानेइतबारे उत्तर देत राहतं आणि डेटाबेस मात्र केव्हाचा पडलेला असतो. म्हणून ज्या पोर्टशी काम आहे त्याच पोर्टला कनेक्शन जोडून बघा. एचटीटीपी सेवा असेल तर तिच्या हेल्थ चेकच्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवून स्टेटस कोड तपासा.

जावामध्ये ‘इजरीचेबल’ ही मेथड नावावरून नेमकं हेच काम करणारी वाटते. तिच्या नादी न लागलेलं बरं. लिनक्सवर आयसीएमपीसाठी रॉ सॉकेट (कच्ची पॅकेट थेट पाठवायची सोय) उघडायचा अधिकार प्रोसेसला नसेल, तर ती गुपचूप टीसीपीच्या ७ नंबरच्या पोर्टला, म्हणजे आलेलं तसंच परत पाठवणाऱ्या जुन्या एको सेवेला, धडक मारते. वाटेतल्या फायरवॉलने ते पॅकेट गिळलं की उत्तर ‘फॉल्स’. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालवताना सगळं बरोबर आणि प्रॉडक्शनमध्ये साध्या युजरखाली सगळे होस्ट ‘बंद’, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दुसरा मोह म्हणजे सरळ शेलमधून पिंग कमांड चालवायची. लिनक्सवर किती पॅकेट पाठवायची ते ‘सी’ पर्यायाने सांगितलं नाही तर पिंग थांबतच नाही, आणि तुमची रिक्वेस्ट लटकून राहते. विंडोजवर ते चार पॅकेटांनंतर आपोआप थांबतं; तिथे संख्या द्यायची ती ‘एन’ने. शिवाय विंडोजमध्ये राउटरकडून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं उत्तर आलं तरी एक्झिट कोड ०, म्हणजे ‘यशस्वी’, मिळू शकतो; मग नुसत्या कोडवर विसंबलात तर पोहोचता येत नसलेला होस्टही हिरवा दिसणार.

त्याहून मोठा धोका इनपुटचा. युजरने दिलेलं नाव कमांडच्या ओळीत चिकटवलंत, तर कोणीतरी नावापुढे अर्धविराम (;) टाकून फाइली पुसायची कमांड लिहील आणि तुमचा सर्व्हर ती निमूटपणे चालवेल. शेल टाळून सॉकेट वापरलं तरी काम संपत नाही. युजर १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता देऊ शकतो. अनेक क्लाउडमध्ये मेटाडेटा सेवा, म्हणजे सर्व्हरला त्याची स्वतःची गोपनीय माहिती देणारी सेवा, तिथेच असते. १२७.०.०.१ किंवा १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते देऊन तुमचं आतलं नेटवर्कही चाचपता येतं. नाव रिझॉल्व्ह करून, म्हणजे डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारून, आलेला आयपी तपासा आणि त्याच आयपीला जोडा. तपासणीनंतर पुन्हा डीएनएसला विचारलंत तर मधल्या वेळात उत्तर बदललेलं असू शकतं.

टाइमआउट स्वतः ठरवा. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये उत्तर न देणाऱ्या पत्त्याला जोडायचा प्रयत्न दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ चालतो. तेवढ्यात वेब सर्व्हरचे सगळे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) अडकून बसतील आणि पलीकडचा होस्ट राहिला बाजूला, तुमचंच ॲप्लिकेशन झोपेल. दोन-तीन सेकंद पुरतात. तपासणी बॅकग्राउंड जॉबमध्ये टाका आणि पानावर शेवटचा निकाल त्याच्या वेळेसकट दाखवा.

एरर वाचायची सवय लावा, सगळ्यांना एकाच ‘कॅच’मध्ये कोंबू नका. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा मशीन जिवंत आहे, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. आधी सेवा चालू आहे का ते बघा. नुसता टाइमआउट झाला तर संशय फायरवॉलवर, सिक्युरिटी ग्रुपवर (क्लाउडमधल्या फायरवॉलच्या नियमांवर) किंवा राउटिंगवर घ्या. नावच सापडलं नाही तर तो डीएनएसचा प्रश्न, नेटवर्कच्या माणसाला त्यासाठी उठवू नका.

तपासणी कुठून करताय हेही बघा. डॉकर कंटेनरमधला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, बाहेरचं मशीन नव्हे. तुमच्या लॅपटॉपवरून होस्ट लागतो, याने ॲप्लिकेशन सर्व्हरबद्दल काहीच सिद्ध होत नाही; कंटेनरमध्ये शिरून तिथूनच तपासा. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला तर पिंग करताच येत नाही, आणि कॉर्समुळे, म्हणजे दुसऱ्या साइटचं उत्तर वाचण्यावर ब्राउझर घालत असलेल्या बंधनामुळे, फेच फसलं तरी सर्व्हर ठणठणीत असू शकतो.

एक पॅकेट हरवलं म्हणून कोणाला मध्यरात्री मेसेज पाठवू नका. लागोपाठ तीन तपासण्या फसल्या तरच अलर्ट जाऊ द्या.