जर्मनीत शिकायला निघालात? मार्कांपेक्षा या चुका जास्त नडतात

जर्मनीत मास्टर्स करायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांचं घोडं मार्कांपाशी फार कमी वेळा अडतं. सात-सव्वासात सीजीपीए असलेली मुलं जातात, पास होतात, नोकरीलाही लागतात. आणि नऊ सीजीपीएवाला वर्गमित्र एका कागदावाचून वर्षभर घरी बसतो. तिकडचा सगळा कारभार ‘आधी हा कागद, मग तो’ अशा क्रमाने चालतो. आपण मात्र “अ‍ॅडमिशन तर मिळू दे, बाकीचं मग बघू” म्हणत निघतो. पुढच्या बहुतेक चुका या ‘मग बघू’च्याच आहेत.

१५ जुलै धरून बसणं

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक विद्यापीठं मे अखेरीलाच दार लावतात, काही तर त्याहूनही आधी. शिवाय अनेक विद्यापीठं अर्ज थेट घेत नाहीत. तो परदेशी अर्ज तपासणाऱ्या बर्लिनच्या युनी-असिस्ट या संस्थेमार्फत जातो. तिथे कागद तपासायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. काही विद्यापीठांना युनी-असिस्टचं व्हीपीडी नावाचं तपासणीपत्र आधी हातात हवं असतं. ते आलं की मगच तुम्ही विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात युनी-असिस्टचे पैसे भरणाऱ्याचा अर्ज नियमाने वेळेत असला, तरी प्रत्यक्षात बुडालेलाच असतो. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. हे पैसे परत मिळत नाहीत.

या सगळ्याच्या आधी एपीएस येतं. तुमची पदवी खरी आहे हे तपासून दिलेलं हे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं आहे. बरीच विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. हंगामात त्याला किती आठवडे लागतील याचा भरवसा नाही. त्याच्याही आधी आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा, काढायचं असतं, आणि त्या खिडकीवर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पुढच्या ऑक्टोबरला जायचं असेल तर आधीच्या दिवाळीनंतर लगेच कागदांना हात घाला.

तारीख हुकलीच, तर काही अभ्यासक्रमांना एप्रिलमध्ये उन्हाळी सत्रातही प्रवेश असतो. त्याची मुदत बहुधा १५ जानेवारी. फक्त एक बघा: तुमचा कोर्स मुळात ऑक्टोबरसाठी आखलेला असेल, तर एप्रिलमध्ये गेल्यावर दुसऱ्या सत्राचे विषय आधी आणि पाया नंतर असं होतं. गणिताचा भाग जड असलेल्या कोर्सला हे फार छळतं.

पासिंगची एक ओळ

ही चूक सगळ्यात स्वस्तात टळते, तरी तिच्याकडे कुणी बघत नाही. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवायला ते एक सूत्र वापरतात: सर्वाधिक शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वाधिक आणि किमान पासिंग यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, वर एक मिळवा.

आता सीजीपीए ७ घ्या. सर्वाधिक १०, किमान पासिंग ४. दहातून सात गेले, उरले तीन. भागिले सहा, म्हणजे अर्धा. गुणिले तीन, दीड. अधिक एक, २.५. पण ट्रान्सक्रिप्टवर किमान पासिंग कुठे लिहिलेलंच नसेल आणि तपासणाऱ्याने ते ५ धरलं, तर तेच सात गुण २.८ होतात. २.५ किंवा त्याहून चांगला, म्हणजे कमी, आकडा मागणारे कोर्स भरपूर आहेत. एका न छापलेल्या ओळीमुळे तुम्ही आत होतात ते बाहेर गेलात. तेव्हा ट्रान्सक्रिप्ट घेताना, किंवा ग्रेडिंगचं वेगळं पत्र घेऊन, ‘सर्वाधिक ग्रेड इतका, उत्तीर्ण होण्यासाठी किमान इतका’ हे विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या. टक्केवारी काढून पाठवण्याचा अतिउत्साह मात्र नको. त्यांनी मागितली तरच द्या.

आणखी एक. तिथला प्रवेश ‘इंजिनिअरिंग केलंय ना’ एवढ्यावर होत नाही. गणिताचे इतके क्रेडिट, प्रोग्रॅमिंगचे इतके, असा हिशोब असतो. ईसीटीएस या युरोपीय मापातला त्यांचा एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचा. आपल्या विषयाचं नाव ‘मॅथ्स थ्री’ असेल तर त्यात नेमकं काय शिकवलं हे त्यांना कळणार कसं? अभ्यासक्रमाची पानं, तासांसकट, सोबत जोडा. मेकॅनिकल करून डेटा सायन्सला अर्ज करणाऱ्यांचे नकार बहुतेक इथेच ठरतात.

केटी लागल्या असतील तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर आणि गुणपत्रिकांवर त्या दिसतातच.

नावाचा घोळ

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं एकत्र. मुलीचं लग्न मधेच झालं असेल तर तिसराच प्रकार. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, जर्मन कारकुनाला वाटतं. क्रम वेगळा असला तर सहसा भागतं. स्पेलिंग वेगळं असेल, एकीकडे ‘भाऊसाहेब’ आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल, तर अडतं. पासपोर्ट प्रमाण धरा आणि अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, तिकीट सगळीकडे अक्षर न अक्षर तसंच लिहा. कागदपत्रांत खरी तफावत असेल तर गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्राचं काम अर्जाच्या आधी उरका.

जाता जाता: पदवीवर अ‍ॅपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारायचा, शिक्का मारून देतो म्हणून काही हजार मागणारे भेटतील. भारत या शिक्क्याच्या हेग करारात आहे, पण जर्मनीने भारतापुरता त्यावर आक्षेप नोंदवलेला आहे. जर्मनीतल्या प्रवेशासाठी तो शिक्का म्हणजे शोभेचं काम.

‘तिकडे शिक्षण फुकट असतं’

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग या पट्ट्यात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून फी सुरू केली. तिथे मास्टर्सला सत्रागणिक ४,००० ते ६,००० युरो पडतात. खासगी संस्थांची फी तर वेगळीच.

इथे एजंटांबद्दल स्पष्ट बोलतो. सगळे वाईट नसतात. पण फुकट सल्ला देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात, हे विचारायला लाजू नका. सरकारी विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत, बऱ्याच खासगी संस्था देतात. “तुमचं प्रोफाइल सरकारीला चालणार नाही” हे वाक्य ऐकलंत की आधी वरचं सूत्र मांडून स्वतः आकडा काढा. आणि कोर्सचा मोठा भाग ऑनलाइन असेल तर सावध राहा, कारण राहण्याचा परवाना प्रत्यक्ष तिथे हजर राहून शिकण्यासाठी असतो.

पैसे आणि विमा

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे, जुन्या व्हिडिओंत कमी दिसेल. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर बारा लाखांच्या आसपास जातात. त्यातून तुम्हाला महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण ते सुरू व्हायला आधी तिथे पत्त्याची नोंदणी आणि चालू बँक खातं लागतं. म्हणून पहिल्या महिन्याचं घरभाडं, अनामत आणि खाणंपिणं वेगळं जवळ ठेवा. पैसे पाठवताना बँकेचं शुल्क मधेच कापलं जातं आणि खात्यात वीस-पंचवीस युरो कमी पोचतात, मग खात्याची पावती अडकते. थोडे जास्तच पाठवा.

विम्यात खरा सापळा आहे. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिथला सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्यांच्या दरात मिळतो. स्वस्त वाटतो म्हणून कुणी खासगी विमा घेतो आणि सरकारीतून सूट घेतल्याचा कागद सही करतो. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पुढे मोठं दुखणं निघालं किंवा हप्ता वाढला तरी परतीची वाट बंद. व्हिसासाठी घेतलेला प्रवासी विमा फक्त विद्यापीठात नाव नोंदवेपर्यंतचा असतो, तो वर्षभराचा समजू नका.

व्हिसा नाकारला गेला तर

जुने सीनियर सांगतील, फेरविचाराचं पत्र टाक. ती सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता एकतर त्रुटी दुरुस्त करून नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. विद्यार्थ्याला पहिलाच मार्ग परवडतो. नकारपत्रातलं कारण शब्दशः वाचा. बहुतेक वेळा ते पैशांचं नसून ‘हाच कोर्स का’ याचं समाधानकारक उत्तर न मिळाल्याचं असतं. नेटवरून उचललेलं उद्देशपत्र मुलाखतीत उघडं पडतं. दरम्यान विद्यापीठाला मेल टाकून उशिरा हजर होण्याची शेवटची तारीख विचारा. प्रवेश आपोआप पुढच्या सत्रावर ढकलला जात नाही, पण काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांची सवलत मिळते.

घर

विद्यार्थी वसतिगृहं चालवणाऱ्या श्टुडिरेंडनवेर्कच्या रांगेत प्रवेशपत्राची वाट न बघता नाव घालता येत असेल तर आजच घाला. म्युनिकसारख्या शहरात ही रांग कित्येक महिन्यांची असते. बाहेर घर शोधताना फसवणुकीचा साचा ठरलेला आहे: फोटो झकास, भाडं निम्मं, मालक ‘सध्या लंडनला’ आणि अनामत भरली की किल्ली कुरिअरने येणार. किल्ली येत नाही. घर कुणीतरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे टाकू नका. त्या गावातला मराठी मंडळाचा किंवा भारतीय विद्यार्थ्यांचा ग्रुप अशा वेळी उपयोगी पडतो. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. “राहा, पण नोंदणी करता येणार नाही” म्हणणारं घर कितीही स्वस्त असलं तरी नको, कारण त्या कागदावाचून बँक खातं रखडतं आणि परवाना तर मिळतच नाही. दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळाली नाही तर जी मिळेल ती घ्या आणि बुकिंगचा प्रिंट जपून ठेवा.

परीक्षेला नाव न घालणं

आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म भरायला कॉलेज मागे लागतं, नोटीस लावतं, लेट फीही घेतं. तिथे कुणी आठवण करत नाही. प्रत्येक विषयाच्या परीक्षेला पोर्टलवर स्वतः नाव नोंदवायचं. मुदत गेली की वर्षभर लेक्चरला बसलेला मुलगाही परीक्षेला बसू शकत नाही. उलटंही तितकंच महाग पडतं. नाव घातलं, तयारी नाही म्हणून गेलाच नाही, तर बहुतेक ठिकाणी तो प्रयत्न नापास म्हणून मोजला जातो. प्रयत्न साधारण तीन. तिसराही गेला तर त्या विषयात कायमचं अनुत्तीर्ण. मग तोच कोर्स जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही, आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. आपली ‘केटी काढू नंतर’ ही सवय विमानतळावरच सोडलेली बरी.

नाव मागे घेण्याचीही तारीख असते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऐन परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या आणि परीक्षा कार्यालयाला लगेच कळवा. काही विद्यापीठांचा त्यासाठी स्वतःचा छापील फॉर्म असतो. तो पहिल्याच महिन्यात डाउनलोड करून ठेवा. दोन दिवसांनी बरं वाटल्यावर आणलेला दाखला बहुतेक ठिकाणी चालत नाही.