ब्लड पंपच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी या कामात आलो, तेव्हा पंप म्हणजे पंप, एवढीच समज होती. हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालते तेव्हा प्रौढ रुग्णाला मिनिटाला साधारण 4 ते 5 लिटर रक्त पुरवावं लागतं. इतका प्रवाह बागेतला पंपही देईल. पण त्यातून जाणाऱ्या तांबड्या पेशी फुटू द्यायच्या नाहीत आणि गुठळीही होऊ द्यायची नाही, इथे घोडं अडतं.

आमचा पहिला सेंट्रिफ्युगल पंप (फिरत्या पात्यांनी रक्त ढकलणारा) इथेच आपटला. चाचणीत जनावराचं रक्त बंद लूपमध्ये 6 तास फिरवायचं, मिनिटाला 5 लिटर, दाब 100 मिलिमीटर पारा. दर तासाला नमुना काढून प्लाझ्मा वेगळा करायचा. तो फिकट पिवळा दिसायला हवा. आमचा तिसऱ्या तासालाच गुलाबी. पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलेलं. दोन महिने आम्ही इंपेलरची, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाची, पाती बदलत बसलो, सिम्युलेशनवर सिम्युलेशन. शेवटी एका तंत्रज्ञाने कनेक्टरच्या आत बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, बर राहिलीये.’’ मशिनिंगची केसाएवढी धार. ती घासल्यावर निम्मं दुखणं गेलं. (उरलेलं निम्मं खरंच पात्यांचं होतं.)

रक्ताऐवजी ग्लिसरीन-पाण्याच्या मिश्रणावर प्रवाह आणि दाबाचे आलेख जरूर काढा, पण त्यात पेशी नसतात हे ध्यानात असू द्या. आणि रक्त जोरात वाहतं तिथेच नव्हे, रेंगाळतं तिथेही बघा. बेअरिंगमागचा कोपरा गुठळीची आवडती जागा. लूपमध्ये रंग सोडा आणि तो कोपरा किती वेळात धुऊन निघतो ते घड्याळ लावून मोजा.

कॅड उघडण्याआधी परफ्युजनिस्टच्या, म्हणजे शस्त्रक्रियेत हा पंप चालवणाऱ्या तज्ज्ञाच्या, शेजारी काही शस्त्रक्रिया उभं राहा. पुढची नळी चिमटली तर रोलर पंप (रोलरने नळी दाबून रक्त पुढे ढकलणारा) दाब वाढवत ती फोडू शकतो. सेंट्रिफ्युगल नुसता फिरत राहतो, पण त्याचा वेग उतरला की रक्त रुग्णाकडून उलटं येतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी परफ्युजनिस्ट ताईंचा हात वेग कमी करण्याआधी क्लॅम्पकडे जातो, हे पाहिल्यावरच आमच्या पॅनलवरचं वेगाचं बटण चुकीच्या बाजूला आहे हे कळलं. वीज गेली तर पंप हाताने फिरवायचं हँडलही तिथे असतं. विनंती करून रिकाम्या सर्किटवर ते पाच मिनिटं फिरवून बघा. माझा दंड तिसऱ्याच मिनिटाला भरून आला, आणि मग आमच्या हँडलची लांबी वाढवायला कुणाला पटवावं लागलं नाही.