जीपीएसवरून टीईसी काढताय? आधी पहाटेचा आलेख बघा

आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, काम सुरू करणाऱ्या पुष्कळांच्या हाती आधी जीपीएसचा डेटा येतो. त्यावरून टीईसी, म्हणजे सिग्नलच्या वाटेवरच्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या, काढायची असते. रायनेक्स (जीपीएस डेटाची प्रमाणित) फाइल वाचणं, सायकल स्लिप (सिग्नलच्या मोजणीतली मध्येच येणारी उडी) पकडणं हे सरावाने जमतं. माणूस फसतो तो बायसमध्ये, म्हणजे यंत्रांमुळे मापनात शिरणाऱ्या ठरावीक चुकीत, आणि फसलोय हे महिनोन् महिने कळत नाही. कारण आलेख दिसायला ठीकच असतो: दुपारी चढतो, रात्री उतरतो.

एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल२ (१२२७.६० मेगाहर्ट्झ) या जीपीएसच्या दोन वारंवारता. त्यांच्या पी१ आणि पी२ या कोड-मापनांतला फरक घ्यायचा, म्हणजे पी२ वजा पी१. हा फरक १ नॅनोसेकंद असला की तिरका टीईसी (उपग्रहापर्यंतच्या तिरक्या वाटेवरचा) २.८५ एकक (टीईसीयू). पण त्यातच उपग्रह आणि रिसीव्हर यांच्या सर्किटांतला विलंबही मिसळलेला असतो. उपग्रहांचे बायस बर्नचं 'कोड' केंद्र देतं, पण पी१ वजा पी२ या क्रमाने. म्हणून ते आपल्या फरकात मिळवायचे, वजा करायचे नाहीत! ५ नॅनोसेकंदांचा बायस उलट्या चिन्हाने गेला तर चूक दुप्पट होते, साडेअठ्ठावीस एककांची. पहाटेचा खरा टीईसी बऱ्याचदा याहून कमी असतो. रिसीव्हर पी१ऐवजी सी१ (एल१वरच्याच, पण सर्वांसाठी खुल्या कोडचं मापन) देत असेल तर त्या दोघांतल्या फरकाची दुरुस्ती आधी करा.

रिसीव्हरचा बायस बहुधा आपल्यालाच काढावा लागतो. तो बरोबर निघाला का, हे आलेखातल्या उपग्रहांच्या रेघांचा आकार सांगतो. पहाटे ३ ते ५ या वेळेत प्रत्येक उपग्रहाचा उभा टीईसी (सरळ वरच्या दिशेचा) वेगळा काढा. ३५० किमीवर पातळ थर मानला, तर ३०° एलिव्हेशनला (उपग्रहाचा क्षितिजापासूनचा कोन) तिरक्या टीईसीला १.७५ ने भागतो, डोक्यावर १ ने. म्हणून १० एककांचा बायस शिल्लक राहिला तर डोक्यावर १० दिसतात आणि ३०°ला ५.७. सगळ्या रेघा मध्ये फुगतात. बायस जास्त वजा झाला तर त्या मध्ये खचतात, कधी ऋणही होतात. एकच रेघ वर-खाली सरकली असेल तर त्या उपग्रहाचा बायस तपासा. ऋण आकडे गुपचूप शून्य करणारा तयार प्रोग्राम वापरू नका; चूक दाखवणारी खूणच तो पुसतो. आणि 'ते सॉफ्टवेअर बघतं' म्हणणाऱ्या गाइडपेक्षा शेजारी बसून कच्चे आलेख बघणारा सीनियर शोधा.

भारतात आणखी एक अडचण आहे. मुंबईहून ३०° एलिव्हेशनला उत्तरेकडचा छेदबिंदू (सिग्नल त्या थराला जिथे छेदतो ती जागा) सुमारे ५३५ किमी दूर पडतो, १०°ला बाराशे किमीच्या पुढे. विषुववृत्तीय विसंगतीचं (चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना टीईसी वाढतो, तिचं) शिखर याच पट्ट्यात असल्यामुळे एकाच वेळी उत्तर आणि दक्षिणेकडचे उपग्रह खरोखरच वेगळे आकडे देतात. तो बायस नव्हे, घाबरू नका. सुरुवातीला ३०° खालचा डेटा सोडून द्या.

बायससाठी चुंबकीयदृष्ट्या शांत दिवस घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. सूर्यास्तानंतरचे प्लाझ्मा बुडबुडे (आयनांबरातले कमी इलेक्ट्रॉनांचे पोकळ भाग) शांत दिवशीही उठतात, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि मध्यरात्रीनंतरही टिकू शकतात. सिग्नल थरथरत असेल तर ती रात्र वगळा.